इंग्रजीच्या चार परीक्षा आणि प्री-सेशनल कोर्स: पहिल्या सत्राच्या कसोटीवर

परदेशी विद्यापीठात पहिल्याच सत्रात विद्यार्थ्याकडून बरंच काही करून घेतलं जातं. दर आठवड्याला तीन-चार शोधनिबंध किंवा पुस्तकातली प्रकरणं वाचायची, तासाभराचं व्याख्यान ऐकता ऐकता टिपणं काढायची, सेमिनारमध्ये दहा-बारा जणांसमोर मत मांडायचं, आणि सत्र अर्ध्यावर येईपर्यंत दीड-दोन हजार शब्दांचा निबंध द्यायचा. त्या निबंधात इतरांचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, ते कुठून घेतलं हे नोंदवायचं, आणि त्यावर आपला मुद्दा उभा करायचा. आयेल्ट्स, टोफेल, पीटीई आणि ड्युओलिंगो या चारही परीक्षांनी प्रवेश मिळतो. मात्र प्रवेशानंतरच्या या कामाची तयारी सगळ्यांत सारखी होत नाही. या परीक्षणात चौघींना एकच प्रश्न विचारला आहे: वाचलेलं आणि ऐकलेलं हाताशी घेऊन लिहायला-बोलायला ही परीक्षा भाग पाडते का?

निकाल आधीच सांगतो. या कसोटीवर आज पीटीई सर्वांत जवळ येते, पण तिच्या तयारीत पाठांतराचा मोह फार. मुद्दा मांडून तो तडीस नेण्याची सवय आयेल्ट्सचं रायटिंग लावतं. टोफेल या बाबतीत वर्षानुवर्षं पुढे होती, जानेवारी २०२६ च्या बदलानंतर ती मागे गेली. ड्युओलिंगो आपली पातळी झटपट कळायला चांगली आहे. आणि ज्यांना परवडेल, ज्यांचं वेळापत्रक जमेल, त्यांनी प्री-सेशनल, म्हणजे मूळ अभ्यासक्रमाआधीचा विद्यापीठाचाच इंग्रजी कोर्स करावा. त्याची सर यातल्या कुठल्याच परीक्षेला नाही.

परीक्षेची नोंदणी करण्याआधी ऑफर लेटर

सर्वाधिक पैसे आणि महिने इथे वाया जातात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

विद्यापीठाच्या अटीत दोन आकडे असतात: एकूण गुण, आणि प्रत्येक विभागात किमान किती. ‘एकूण ६.५, एकही विभाग ६.० पेक्षा खाली नको’ ही, आयेल्ट्सच्या ९ पैकी गुणांच्या हिशोबात, पदव्युत्तर प्रवेशाची नेहमी दिसणारी अट आहे. कायदा, वैद्यक, पत्रकारिता अशा विषयांना ७.० किंवा ७.५ लागू शकतात. एकूण ७.० मिळूनही रायटिंगमध्ये ५.५ आल्यामुळे अडकलेले विद्यार्थी दर वर्षी दिसतात. म्हणून तयारीचं नियोजन एकूण आकड्यावरून करू नका, आपल्या सर्वांत कच्च्या विभागावरून करा.

विद्यापीठाची अट वेगळी आणि व्हिसाची वेगळी. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसासाठी पदवी किंवा त्यावरच्या अभ्यासक्रमाला चारही कौशल्यांत बी२ पातळी (भाषेच्या ए१ ते सी२ या युरोपीय मोजपट्टीवरची) लागते, म्हणजे आयेल्ट्सच्या हिशोबात प्रत्येकी ५.५. नियमांचं पालन चोख असलेल्या विद्यापीठांना ही पातळी स्वतः तपासण्याची मुभा आहे. त्यामुळे पदवीला थेट जाणाऱ्याला साधी आयेल्ट्स अकॅडेमिक किंवा विद्यापीठ मान्य करेल ती दुसरी परीक्षा चालून जाते. पण फाउंडेशनला, म्हणजे पदवीआधीच्या तयारीच्या वर्षाला, किंवा प्री-सेशनलला जाणाऱ्यांचं तसं नाही. पदवीखालच्या अभ्यासक्रमाला बी१ पातळी पुरते, आयेल्ट्समध्ये प्रत्येकी ४.०, मात्र ती गृहखात्याने मान्य केलेल्या सुरक्षित परीक्षेतूनच सिद्ध करावी लागते. ‘आयेल्ट्स फॉर यूकेव्हीआय’ ती हीच. प्रश्नपत्रिका तशीच, काठिण्य तेवढंच, फक्त केंद्र आणि निकालपत्र वेगळं. साध्या आयेल्ट्समध्ये ७.० मिळवलेल्या विद्यार्थ्यालाही फाउंडेशनसाठी पुन्हा बसावं लागतं ते यामुळे. नोंदणीच्या पानावर दोन्ही नावं शेजारी शेजारी असतात आणि घाईत चुकीचं निवडलं जातं.

ऑस्ट्रेलियाने २३ मार्च २०२४ पासून विद्यार्थी व्हिसाची किमान अट आयेल्ट्स ५.५ वरून ६.० केली. घरी बसून दिलेली परीक्षा तिथल्या व्हिसासाठी चालत नाही, विद्यापीठाने ती स्वीकारली असली तरीही.

विद्यापीठाला ईमेल करून चार गोष्टी लेखी विचारून घ्या. ही परीक्षा चालेल का आणि कुठल्या स्वरूपातली? दोन वेगवेगळ्या दिवसांचे गुण जोडून चालतील का? एकाच विभागाची फेरपरीक्षा चालेल का? निकालाची मुदत अर्जाच्या दिवशी पाहणार, की अभ्यासक्रम सुरू होण्याच्या दिवशी? चारही परीक्षांचे निकाल दोन वर्षं ग्राह्य असतात. लवकर परीक्षा देऊन मोकळे झालेले काही जण वर्षभराने प्रवेश पुढे ढकलतात आणि ऐन वेळी निकाल कालबाह्य होतो.

आयेल्ट्स अकॅडेमिक

ब्रिटिश कौन्सिल, आयडीपी आणि केंब्रिज यांची ही परीक्षा १९८९ पासून चालू आहे. लिसनिंग ३० मिनिटं आणि ४० प्रश्न, रीडिंग ६० मिनिटं आणि ४० प्रश्न, रायटिंग ६० मिनिटं आणि दोन लेखन, स्पीकिंग ११ ते १४ मिनिटं आणि समोर हाडामांसाचा परीक्षक. एकूण बँड, म्हणजे आयेल्ट्सचा गुणांक, ही चारही विभागांची सरासरी, जवळच्या अर्ध्या बँडपर्यंत नेलेली. सरासरी ६.२५ आली की ६.५ होतात, ६.७५ आली की ७.०. म्हणजे ७.०, ६.५, ६.५ आणि ५.० मिळवणाराही एकूण ६.५ वर पोचतो, आणि त्या ५.० मुळे प्रवेश गमावतो.

लिसनिंग आणि रीडिंगमध्ये हिशोब स्वच्छ आहे. ४० पैकी साधारण २३ बरोबर आले की ६.०, ३० आले की ७.०, ३५ आले की ८.०. प्रश्नपत्रिकेनुसार एखाद-दुसरा गुण इकडेतिकडे होतो. लिसनिंगमध्ये स्पेलिंग चुकलं की उत्तर चुकलं. ‘दोन शब्दांपेक्षा जास्त नको’ असं सांगितलेलं असताना तिसरा शब्द लिहिला की बरोबर उत्तरही बाद. कागदावरच्या परीक्षेत उत्तरं उतरवायला शेवटी १० मिनिटं मिळतात, संगणकावर फक्त तपासायला २ मिनिटं. रीडिंगमध्ये असा जादा वेळ कुठेच नाही. कागदावर सराव करून संगणकावर परीक्षा देणाऱ्यांचं गणित इथे बिघडतं.

रीडिंगमध्ये भल्याभल्यांना छळणारा प्रकार म्हणजे ‘फॉल्स’ आणि ‘नॉट गिव्हन’मधला फरक. उताऱ्यात विधानाच्या उलट माहिती असेल तरच ‘फॉल्स’. उतारा त्या मुद्द्यावर गप्प असेल तर ‘नॉट गिव्हन’, मग विधान आपल्याला कितीही खोटं वाटो. युक्ती एकच: ‘फॉल्स’ लिहिण्याआधी ते खोटं ठरवणाऱ्या ओळीवर बोट ठेवता येतं का ते पाहा. नसेल तर ‘नॉट गिव्हन’.

आता रायटिंग. बहुतेकांचा सर्वांत कमी बँड याच विभागात येतो, म्हणून इथे थोडं थांबू. पहिल्या लेखनात आलेख, तक्ता, नकाशा किंवा प्रक्रिया यांचं किमान १५० शब्दांत वर्णन, दुसऱ्यात किमान २५० शब्दांचा निबंध. दुसऱ्याचं वजन दुप्पट, म्हणून त्याला ४० मिनिटं आणि पहिल्याला २०. गुण चार निकषांवर समसमान: प्रश्नाला दिलेलं उत्तर, मांडणीतली सलगता, शब्दसंपदा, व्याकरण.

पहिल्या लेखनात सगळे आकडे इमाने इतबारे लिहिले, पण एकूण चित्र काय हे एकदाही सांगितलं नाही, ही सर्वांत महागात पडणारी चूक. ‘दोन गट वाढले, तिसरा घटला, आणि शेवटी क्रम उलटला’ अशी दोन वाक्यं, आकड्यांशिवाय, प्रस्तावनेनंतर लगेच यायला हवीत. ती नसली तर पहिला निकष पाचाच्या आसपास अडकतो, बाकी भाषा कितीही चांगली असो.

दुसऱ्या लेखनात सहा आणि सात यांच्यामधली भिंत दोन ठिकाणी आहे. एक, मुद्दे बरोबर असतात पण पुरते फुलवलेले नसतात. एका परिच्छेदात तीन मुद्दे कोंबण्यापेक्षा एक घ्या: तो का खरा आहे, कसा घडतो, त्याचं एक नेमकं उदाहरण, आणि प्रश्नाशी त्याचा संबंध. दोन, व्याकरण. परीक्षकांच्या निकषपत्रात सातसाठी निर्दोष वाक्यं वारंवार दिसावीत अशी अपेक्षा आहे. चुका असूनही अर्थ कळतो, एवढ्याने सहापाशी थांबावं लागतं. हे स्वतः तपासता येतं. आपल्या निबंधातली वाक्यं मोजा, साधारण पंधरा निघतील. त्यांतली किती पूर्ण निर्दोष आहेत ते जाणत्या शिक्षकाकडून खूण करून घ्या. चार-पाच असतील तर अवघड शब्दांची यादी बाजूला ठेवा आणि उपपदं, क्रियापदाचे काळ, एकवचन-अनेकवचन, शब्दयोगी अव्यय एवढ्यावरच महिनाभर काम करा. मराठीसारख्या ज्या भाषांत उपपदं नाहीत, त्या बोलणाऱ्यांची निम्मी लढाई तिथेच असते.

पाठ केलेले निबंध परीक्षकाला ओळखू येतात आणि ती भाषा उमेदवाराची म्हणून धरली जात नाही. प्रश्नातलं वाक्य जसंच्या तसं उतरवलं तर ते शब्द मोजले जात नाहीत. दुसऱ्या लेखनात मुद्दे बिंदू काढून यादीसारखे लिहिले तरी गुण जातात.

स्पीकिंगमध्ये दुसऱ्या भागात एक मिनिट तयारी आणि एक ते दोन मिनिटं सलग बोलणं. बरेच जण पन्नास सेकंदांत आटपतात. तयारीच्या मिनिटात पूर्ण वाक्यं लिहू नका. कार्डावरच्या प्रत्येक उपप्रश्नासमोर दोन शब्द, आणि शेवटी ‘आता मागे वळून पाहताना काय वाटतं’ यासाठी एक शब्द राखून ठेवा, तेवढ्यावर दोन मिनिटं भरतात. उच्चारात परदेशी हेल आणण्याची धडपड सोडा. परीक्षक पाहतो ते स्पष्टता, आघात आणि वाक्य कुठे तोडता ते.

आमच्या कसोटीवर या परीक्षेची उणीव मोठी आहे. चार विभाग जणू चार वेगळ्या खोल्यांत, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. वाचलेलं घेऊन लिहायचं असं एकही काम नाही, आणि २५० शब्दांच्या निबंधात एकही संदर्भ नसतो. स्वतःच्या डोक्यातलं उदाहरण देऊन मत ठोकायची सवय इथे लागते, ती विद्यापीठात पहिल्याच निबंधात मोडावी लागते. तरीही, मत मांडून ते परिच्छेदागणिक पुढे नेण्याचा सराव दुसरी कुठलीही परीक्षा इतका करून घेत नाही.

निकाल अपेक्षेपेक्षा कमी आला तर दोन वाटा आहेत. निकालापासून सहा आठवड्यांच्या आत फेरतपासणी मागता येते. बँड वाढला तर त्याचं शुल्क परत मिळतं. रायटिंग किंवा स्पीकिंग अर्ध्या बँडने हुकलं असेल आणि बाकीचे तीन विभाग त्याहून बरेच वर असतील, तर ही वाट विचारात घ्यावी. लिसनिंग-रीडिंगसाठी सहसा उपयोग होत नाही, तिथे उत्तर बरोबर किंवा चूक एवढंच असतं. दुसरी वाट म्हणजे ‘वन स्किल रिटेक’: संगणकावर दिलेल्या परीक्षेनंतर ६० दिवसांच्या आत एकच विभाग पुन्हा. सगळी विद्यापीठं आणि सगळे व्हिसा विभाग ते मानत नाहीत, म्हणून वरचा ईमेल आधी.

टोफेल आयबीटी

अमेरिकेच्या ईटीएसची ही परीक्षा १९६४ पासूनची, इंटरनेटवरचं रूप २००५ पासूनचं. जुन्या रूपातलं ‘इंटिग्रेटेड रायटिंग’ हे सगळ्या परीक्षांतलं सर्वोत्तम काम होतं: तीन मिनिटं उतारा वाचायचा, मग त्यातले मुद्दे खोडून काढणारं छोटं व्याख्यान ऐकायचं, आणि २० मिनिटांत लिहायचं की वक्त्याने कुठला मुद्दा कसा खोडला. विद्यापीठातल्या निबंधाचं बीज यात होतं.

२१ जानेवारी २०२६ पासूनच्या नव्या परीक्षेत ते काम गेलं. आता रायटिंगमध्ये वाक्यरचना, ईमेल आणि वर्गातल्या ऑनलाइन चर्चेला १० मिनिटांत उत्तर. स्पीकिंगमध्ये ऐकलेलं वाक्य तसंच म्हणणं आणि मुलाखतीची उत्तरं. रीडिंग आणि लिसनिंग उमेदवाराच्या उत्तरांनुसार सोपं-कठीण होत जातं. गुण ० ते १२० ऐवजी १ ते ६, अर्ध्या अर्ध्या टप्प्यांनी. बदलाच्या काळापुरता जुन्या मापातला तुलनात्मक आकडाही निकालपत्रावर येतो. परीक्षा लहान झाली, निकाल लवकर येतो, हे खरंच सोयीचं. पण विद्यापीठाच्या तयारीचं साधन म्हणून तिने आपली सर्वांत मोलाची गोष्ट सोडली, याचं वाईट वाटतं.

तयारी करणाऱ्याने एक सांभाळावं: बाजारातलं आणि इंटरनेटवरचं बरंचसं सराव साहित्य अजून जुन्या स्वरूपाचं आहे. ‘इंटिग्रेटेड’ शब्द दिसला किंवा गुण फक्त १२० पैकी दिसले, की ते जुनं समजा. पण ते जुने इंटिग्रेटेड प्रश्न फेकू नका. परीक्षेला नाही तरी विद्यापीठासाठी आठवड्यातून एक सोडवा.

दोन वर्षांतल्या वेगवेगळ्या प्रयत्नांतले प्रत्येक विभागाचे सर्वोत्तम गुण जोडून ‘मायबेस्ट’ आकडा मिळतो. तो मानायचा की नाही हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवतं.

पीटीई अकॅडेमिक

पिअर्सनची ही परीक्षा २००९ पासून आहे. पूर्ण संगणकावर, साधारण दोन तास, गुण १० ते ९०, निकाल बहुधा दोन दिवसांत. इथे एकाच कामाचे गुण दोन कौशल्यांत जातात, आणि नियोजन त्यावरच उभं असतं. वाक्य ऐकून तसंच म्हणायचं, याचे गुण लिसनिंग आणि स्पीकिंग दोन्हीत. ऐकलेलं वाक्य टाइप करायचं, याचे लिसनिंग आणि रायटिंगमध्ये, आणि प्रत्येक बरोबर स्पेलिंगच्या शब्दाला गुण. हे शेवटचं काम परीक्षेच्या अगदी अखेरीस येतं. आधीच्या प्रश्नांवर वेळ उधळणारे तिथे पोचतच नाहीत आणि दोन विभागांतले गुण एकदम घालवतात. लिसनिंगमध्ये घड्याळ पाहत राहा आणि श्रुतलेखनासाठी पाच-सहा मिनिटं राखाच.

मोठ्याने वाचताना तीन सेकंद गप्प बसलात की मायक्रोफोन बंद होतो. चुकलेला शब्द सुधारायला मागे जाऊ नका, पुढे वाचत राहा. हेडसेटचा माइक नाकासमोर असेल तर श्वासाचा आवाज शब्दांत मिसळतो, तो हनुवटीच्या बाजूला घ्या आणि सुरुवातीच्या चाचणीत रेकॉर्डिंग ऐकूनच पुढे जा. शेजारचे उमेदवारही त्याच वेळी बोलत असतात. घरी शांततेत सराव केलेल्यांना हा गोंधळ जड जातो, म्हणून शेवटचे काही सराव रेडिओ किंवा टीव्ही लावून करावेत.

उताऱ्याचा सारांश एकाच वाक्यात, ५ ते ७५ शब्दांत, १० मिनिटांत. दुसरं पूर्णविराम चिन्ह पडलं की त्या कामाचे गुण गेले. निबंध २०० ते ३०० शब्दांचा, २० मिनिटांत. एकापेक्षा जास्त उत्तरं असलेल्या पर्यायी प्रश्नांत चुकीच्या निवडीला गुण कापले जातात, शून्याच्या खाली मात्र जात नाहीत. खात्री एकाच पर्यायाची असेल तर एकच निवडा.

व्याख्यान ऐकून ४० सेकंदांत सांगणं, ऐकलेल्याचा ५० ते ७० शब्दांत सारांश लिहिणं, ऑगस्ट २०२५ पासून गटचर्चा ऐकून तिचा तोंडी सारांश देणं. या कामांमुळेच आमच्या कसोटीवर पीटीई वर येते. ऐकता ऐकता टिपणं काढणं आणि त्यातलं मुख्य-गौण वेगळं करणं इथे टळत नाही.

तिची वाईट बाजू परीक्षेत कमी आणि तयारीच्या बाजारात जास्त आहे. ‘हा आलेख अमुकविषयी माहिती देतो, यात सर्वोच्च आकडा तमुक’ असे साचे पाठ करून यंत्राला फसवता येतं, असं शिकवणारे वर्ग गल्लोगल्ली झाले. पिअर्सनने ऑगस्ट २०२५ पासून काही कामांवर माणसांची तपासणी वाढवली ती याच साच्यांमुळे. आणि साच्यावर ७९ मिळवलेला विद्यार्थी सेमिनारमध्ये गप्प बसतो, हे नुकसान कुठल्याही निकालपत्रावर येत नाही.

ड्युओलिंगो इंग्लिश टेस्ट

घरून, साधारण तासाभरात, गुण १० ते १६०, निकाल दोन दिवसांत, आणि कितीही विद्यापीठांना निकाल पाठवायला वेगळे पैसे नाहीत. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं घेतात. ब्रिटनच्या गृहखात्याच्या सुरक्षित यादीत ती नाही. कान झाकायचे नाहीत, इअरफोन नकोत, खोलीत दुसरं कोणी नको, नजर पडद्यावरून वारंवार हलली तर निकालच रोखला जातो. छताकडे पाहून विचार करायची सवय असलेल्यांनी आधी ती मोडावी. लांब वाचन आणि लांब लेखन यांची परीक्षा इथे जवळपास होत नाही, म्हणून पहिला अंदाज घ्यायला उत्तम, विद्यापीठाची तयारी म्हणून अपुरी.

तयारीचा वर्ग कसा पारखावा

केंब्रिजच्या अंदाजानुसार एका युरोपीय पातळीवरून पुढच्या पातळीवर जायला मार्गदर्शनाखालचे साधारण २०० तास लागतात. बी१ पर्यंत ३५० ते ४००, बी२ पर्यंत ५०० ते ६००, सी१ पर्यंत ७०० ते ८००. आठवड्याला दहा तास दिले तर २०० तासांना वीस आठवडे. पंधरा दिवसांत दोन बँडची हमी देणारा वर्ग परीक्षेची ओळख करून देऊ शकेल, भाषा वाढवू शकणार नाही. परीक्षेची ओळख हे काम दोन-तीन आठवड्यांचंच आहे. पातळी आधीच गाठलेल्यांना तेवढं पुरतं.

वर्गात पैसे भरण्याआधी त्यांनी तपासलेला एक निबंध मागून पाहा, नाव झाकून दिला तरी चालेल. त्यावर फक्त ‘६.५, छान, व्याकरण सुधारा’ असं असेल तर निघून या. चारही निकषांचे वेगळे गुण, प्रत्येक चुकीला प्रकाराची खूण, आणि विद्यार्थ्याने तोच निबंध पुन्हा लिहून परत दाखवला याचा पुरावा हवा. नवे वीस निबंध लिहिण्यापेक्षा आठ निबंध प्रत्येकी दोनदा लिहिणं जास्त फळतं, कारण पहिल्यांदा झालेली चूक दुसऱ्यांदा हाताने दुरुस्त होते.

शब्दांसाठी न्यूझीलंडमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेली अकॅडेमिक वर्ड लिस्ट अजूनही सर्वांत उपयोगी: ५७० शब्दकुटुंबं, दहा उपयाद्या, आणि विद्यापीठीय मजकुरातला साधारण दहावा हिस्सा त्यांनी व्यापलेला. पहिल्या तीन उपयाद्यांतले १८० आधी करा. शब्दाचा अर्थ पाठ करून थांबू नका. तो कुठल्या शब्दांच्या सोबतीने येतो ते टिपा, नाहीतर निबंधात तो शब्द बरोबर आणि वाक्य चुकीचं होतं.

प्री-सेशनल आणि फाउंडेशन

प्री-सेशनल म्हणजे मूळ अभ्यासक्रमाच्या आधी विद्यापीठानेच चालवलेला शैक्षणिक इंग्रजीचा कोर्स. अर्धा बँड कमी असेल तर सहा आठवड्यांच्या आसपास, एक बँड कमी असेल तर दहा-बारा, त्याहून कमी असेल तर वीस किंवा जास्त, असा साधारण हिशोब असतो. बऱ्याच ठिकाणी तो नीट उत्तीर्ण झाल्यावर पुन्हा आयेल्ट्स द्यावी लागत नाही.

इथे जे शिकवलं जातं ते कुठल्याही परीक्षेत नाही. उदाहरणार्थ संक्षेप आणि पुनर्मांडणी. परिच्छेद वाचा, बंद करा, तीन शब्दांत टिपण काढा, टिपणावरून वाक्य लिहा, मग मूळ उघडून दोन गोष्टी तपासा: अर्थ बदलला नाही ना, आणि सलग तीन-चार शब्द तसेच आले नाहीत ना. शेवटी संदर्भ. मूळ वाक्य समोर ठेवून त्यातले शब्द एकेक बदलत गेलात तर वाक्यरचना मूळचीच राहते, आणि संदर्भ दिला असला तरी ते उसनं लेखन ठरतं. नव्या विद्यार्थ्यांवर वाङ्मयचौर्याचा ठपका येतो तो बहुतेकदा असा, फसवण्याच्या हेतूशिवाय. टर्निटिन या साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरच्या टक्केवारीला घाबरून शब्द बदलत बसण्यातही अर्थ नाही. अवतरणं आणि संदर्भसूचीही त्या आकड्यात येऊ शकतात, अहवाल उघडून कुठला मजकूर रंगला आहे ते पाहावं लागतं.

चांगल्या प्री-सेशनलची खूण म्हणजे त्याचं मूल्यमापन. आपल्या विषयातला, संदर्भांसह, मसुद्यावर शिक्षकाची टिप्पणी घेऊन पुन्हा लिहिलेला निबंध, व्याख्यान ऐकून टिपणं, सेमिनार, सादरीकरण. कोर्सच्या शेवटी पुन्हा आयेल्ट्ससारखाच पेपर असेल तर तो महागडा परीक्षा-वर्ग समजा. ब्रिटनमध्ये बेलीप ही संस्था असे कोर्स तपासून मान्यता देते. मान्यता आहे का ते विचारा. त्यासोबत वर्गात किती विद्यार्थी, मसुदा किती वेळा वाचला जातो, आणि मागच्या वर्षी किती जण पुढे गेले, हेही.

धोके दोन. प्री-सेशनल नापास झालं तर मूळ प्रवेश जाऊ शकतो, आणि तोवर फी, प्रवास, राहणं यावर खर्च झालेला असतो. दुसरा वेळापत्रकाचा. सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमाचा लांब प्री-सेशनल जूनमध्ये किंवा त्याआधीच सुरू होतो, त्यासाठी व्हिसा त्याआधी, आणि बहुतेकांना सुरक्षित परीक्षेचा निकाल त्याच्याही आधी. म्हणजे पहिली परीक्षा जानेवारी-फेब्रुवारीत द्यायला हवी. मे महिन्यात परीक्षा देऊन अर्धा बँड कमी पडला, तर सहा आठवड्यांचा कोर्स हाती राहतो, तोही जागा शिल्लक असेल तर.

फाउंडेशन वर्ष थोडं वेगळं. शालेय शिक्षण थेट पदवीला पुरेसं मानलं जात नाही अशांसाठी, विषय आणि इंग्रजी दोन्ही मिळून एक वर्ष. काही विद्यापीठं ते स्वतः चालवतात, काही ठिकाणी भागीदार कंपनी चालवते. पुढच्या प्रवेशाची ‘हमी’ दिलेली असली तरी तिला गुणांची अट असते, आणि ती अट विषयागणिक बदलते. कुठल्या पदवीला, फाउंडेशनमध्ये किती टक्के, त्यातल्या इंग्रजीत किती, हे तिन्ही आकडे लेखी घ्या. शिवाय हे प्रमाणपत्र दुसरं विद्यापीठ मानेल का, तेही त्या दुसऱ्या विद्यापीठाकडूनच विचारून घ्या. भागीदाराच्या माहितीपत्रकावर ‘अनेक विद्यापीठांत स्वीकार’ एवढंच छापलेलं असतं, आणि नावं विचारली की यादी लहान होते.

पातळी पुरेशी असलेल्यांनीही, निदान लेखनावर भर देणारा लहान कोर्स मिळत असेल तर सोडू नये. तो मिळत नसेल तर मँचेस्टर विद्यापीठाचा ॲकॅडेमिक फ्रेजबँक आणि मिशिगन विद्यापीठाचा बोली इंग्रजीचा संग्रह फुकट उपलब्ध आहेत. पहिल्यात इतरांचं मत कसं मांडावं, मर्यादित दावा कसा करावा याची वाक्यं आहेत, दुसऱ्यात खऱ्या व्याख्यानांची आणि सेमिनारची लिखित रूपं. आठवड्याला आपल्या विषयातला एक शोधनिबंध, त्याचा दीडशे शब्दांत सारांश, आणि त्यावर एका परिच्छेदात आपलं मत, संदर्भासह. परीक्षेचा निकाल हातात आल्यापासून विमानात बसेपर्यंतचे महिने रिकामे जातात, त्यात हे सहज बसतं.